गोडव्याचा ताळेबंद

‘साखरेचे खाणार त्याला देव देणार’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. लग्न ठरले की आपण साखरपुडा करतो, शुभवार्ता आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो असे म्हणतो, गुढीला साखरेची गाठी बांधतो आणि गोड बोलून काम साधणाऱ्याच्या बोलण्याला साखरपेरणी म्हणतो. मराठी भाषेने साखरेला हा मान दिला त्या काळी ती क्वचित मिळणारी, डब्याला कुलूप लावून जपायची वस्तू होती. आज ती बिस्किटात आहे, सॉसमध्ये आहे, तान्ह्या मुलाच्या पहिल्या घासात आहे आणि आजारी मुलाला औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या पेयातही आहे. साखरेचे खाणाऱ्याला देव देतो हे मान्य केले, तरी देवाच्या आधी कोणीतरी माणूस देत असतोच. तो कोण, तो काय देतो आणि त्याची नोंद कोणत्या वहीत होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नफा हा शब्द उच्चारताच नाक मुरडावे अशी माझी भूमिका नाही. व्यापार हा समाजाचा जुना आणि आवश्यक व्यवहार आहे. पण ज्या व्यवस्थेत नफा हा एकच मापदंड उरतो, तिथे वस्तूच्या उत्पादनाचा काही खर्च दुसऱ्याच्या शरीरावर ढकलणे फायद्याचे ठरते. ज्याला तो ढकलता येतो त्याचा माल स्वस्त पडतो, आणि ज्याला ढकलावासा वाटत नाही तो बाजारात मागे पडतो. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. नियम पाळणारी, देवधर्म करणारी, घरी प्रेमळ असणारी माणसेही हा व्यवहार वर्षानुवर्षे निर्धास्तपणे चालवू शकतात. साखर या एकाच वस्तूचा शेतापासून आपल्या ताटापर्यंतचा प्रवास तपासला, तरी हे पुरेसे स्पष्ट होईल.

सुरुवात बीडपासून करू. आपल्यातील अनेक कुटुंबांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हे आपल्याच हैदराबाद राज्यात होते. राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून नातीगोती तुटली नाहीत. त्यामुळे बीडच्या बायकांवर जे ओढवले ते परमुलखातले म्हणून सोडून देण्याची मुभा निदान आपल्याला तरी नाही.

पावसावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामाआधी मुकादम गावात येतो आणि जोडप्याला उचल देतो. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. माणसे मोजण्याऐवजी हत्यार मोजण्याची ही पद्धतच बोलकी आहे. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि फडावरून परतल्यावर स्वयंपाक, पाणी, मुले हे सारे पुन्हा तिचेच. राहायला पाचटाची किंवा प्लास्टिकची कोपी. संडास नाही, न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. एक दिवस कामावर येता आले नाही तर ‘खाडा’ लागतो. तो दिवसाला पाचशे ते हजार रुपये असल्याचे वृत्तपत्रांत आले आहे. ही रक्कम उचलीच्या खात्यात चढते आणि कर्ज पुढल्या हंगामात जाते.

आता या हिशेबात बाईचे शरीर बसवून पाहा. मासिक पाळीचे चार दिवस म्हणजे संभाव्य खाडा. गरोदरपण म्हणजे अर्धा कोयता निकामी. पाण्याअभावी होणारा जंतुसंसर्ग, अंगावर जाणे, ओटीपोटातील दुखणे हे ओघानेच येते. अशी बाई खाजगी दवाखान्यात गेली की तिला सांगितले जाते की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी. शस्त्रक्रियेचे पैसे मुकादमाकडून आणखी उचल घेऊन भरले जातात. बाई काही आठवड्यांत पुन्हा फडात उभी राहते. तिची पाळी थांबलेली असते आणि खाड्याचे भयही संपलेले असते. संपले नाही ते दुखणे. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही गेले असतील तर शरीरातील संप्रेरके एकाएकी थांबतात. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि तिशी-पस्तिशीतील बाई म्हातारीसारखी कंबर धरून बसते.

ही ऐकीव हकीकत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात सरकारनेच सांगितले की बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभरात तीनच्या आसपास आहे.

या साखळीतील प्रत्येकाचा नफा निरनिराळा आहे. मुकादमाला अखंड काम मिळते. कारखान्याच्या गव्हाणीत वेळेवर ऊस पडतो. डॉक्टरला शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. आपल्याला किलोभर साखर परवडते. कोणीही कोणाला जबरदस्ती केलेली नसते, संमतिपत्रावर बाईचा अंगठा असतो. आणि तिच्या शरीराचा जो भाग गेला, तो मुकादमाच्या वहीत नाही, कारखान्याच्या ताळेबंदात नाही, साखरेच्या भावातही नाही. मी सरकारी नोकरीत अनेक वर्षे हिशेबाचे कागद हाताळले आहेत. खर्च झाला असून तो कोणत्याच शीर्षाखाली दिसत नसेल, तर लेखापरीक्षक त्याला एकच नाव देतो. इथे मात्र त्याला कार्यक्षमता म्हणतात.

हा दोष फक्त बीडच्या माथी मारून आपण हैदराबादकरांनी मोकळे होऊ नये. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आंध्र प्रदेश आणि तेलंगण या दोन राज्यांतील प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. इथे ऊसतोडीचा खाडा नाही. पण बाईच्या दुखण्याकडे शस्त्रक्रियेची संधी म्हणून पाहणारी नजर तीच आहे. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना त्यांवर देखरेख ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश दिला.

यावर एक आक्षेप येईल. महाराष्ट्रातील साखर कारखानदारी सहकारातून उभी राहिली, मग तिला नफेखोर कसे म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी १९५० मध्ये जो कारखाना उभा केला, तो ऊस पिकवणाऱ्याला सावकाराच्या आणि खाजगी कारखानदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठीच. त्या चळवळीने गावात शाळा, दवाखाने, रस्ते आणले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सहकाराचे सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला मिळाले, तोडणाऱ्याला नाही. तोडणीचे काम मुकादमाच्या हवाली झाले आणि तोडणारा कारखान्याच्या हजेरीपटावर कधी आलाच नाही. कुंपण घातले ते आतल्यांच्या रक्षणासाठी. बाहेर राहिलेल्यांना बाजाराचाच नियम लागू राहिला. पाटी सहकाराची असली तरी हिशेब नफ्याचाच असू शकतो, इतकाच याचा अर्थ.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. बोधनचा निजाम शुगर फॅक्टरीचा कारखाना १९३७-३८ मध्ये सुरू झाला, आणि एके काळी तो आशियातील सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांत गणला जाई. त्याच्याभोवती वसलेल्या वसाहतीचे नावच शक्करनगर. नांदेडची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मराठी वाचकांना बोधन अपरिचित नाही. हा कारखाना तोट्यात आहे आणि खाजगी भांडवलच त्याला वाचवील, असे सांगून २००२ मध्ये त्याची बहुसंख्य मालकी खाजगी हाती देण्यात आली. डिसेंबर २०१५ मध्ये बोधनसह त्याची तिन्ही केंद्रे बंद पडली. सरकारी कारखान्यांचा कारभार आदर्श होता असे मी म्हणणार नाही. त्यातील सुस्ती आणि लागेबांधे मी जवळून पाहिले आहेत. परंतु ज्या नफ्याच्या नावाने तो विकला, त्या नफ्याने तेरा वर्षांत कामगाराचा पगार आणि शेतकऱ्याचा उसाचा गिऱ्हाईक दोन्ही घालवले. कारखाना चालवण्यापेक्षा बंद ठेवणे ज्याच्या सोयीचे, त्याला शक्करनगरच्या संसारांशी काय कर्तव्य?

आता साखर शहरात आली असे समजू. इथे तिने जे रूप घेतले ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याविरुद्धचा लढा आपल्याच शहरातून लढला गेला.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मोजून केलेले मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. त्यामागील शास्त्र सोपे आणि सुंदर आहे. जुलाबांनी बेजार झालेले आतडे नुसते पाणी शोषून घेत नाही. पण ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असले, तर ग्लुकोजच्या जोडीने मीठ आत जाते आणि मिठापाठोपाठ पाणी. ओआरएस म्हणून आपण ओळखतो ते हेच. त्याच्या एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ हे जागतिक आरोग्य संघटनेचे आजचे प्रमाण. महालनबीसांनी यावर एकस्व घेतले नाही. जगातल्या कोट्यवधी मुलांचे प्राण वाचवणारी ही पुडी कोणाच्याच मालकीची राहिली नाही. २०२२ मध्ये ते वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

प्रमाण हेच ज्या औषधाचे सर्वस्व आहे, त्याच्या नावाचा बाजाराने काय उपयोग केला पाहा. रंगीत खोक्यांत फळांच्या चवीची पेये आली. त्यांच्या नावात ओआरएस ही अक्षरे ठळकपणे गुंफलेली, आणि आत साखर मूळ प्रमाणाच्या कित्येक पट. ती औषधांच्या दुकानांत, रुग्णालयांच्या आवारात, शाळांच्या उपाहारगृहांत विकली जाऊ लागली. आतड्यात साखर जास्त झाली की ती पाणी आत घेण्याऐवजी शरीरातले पाणी आतड्यात ओढते. म्हणजे जुलाब थांबावेत म्हणून आईने पाजलेले पेय जुलाब वाढवू शकते. मूल सुकत जाते, आणि आईला वाटते की आपण औषध देत आहोत. एका दुखण्यातून दोन वेळा कमाई करण्याची याहून बिनबोभाट रीत सापडणे कठीण.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा प्रकार हाती घेतला आणि सुमारे आठ वर्षे सोडला नाही. त्यांनी केंद्राला पत्रे लिहिली, लोकांना समजावले, २०२२ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्याच वर्षी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने या नावावर बंदी घातली. परंतु काही महिन्यांतच, १४ जुलै २०२२ रोजी, पवित्रा बदलला. नाव राहू द्यावे, मात्र हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेले ओआरएस नाही अशी ओळ छापावी, अशी सवलत मिळाली. २ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने ती सवलत चालू राहिली. खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत एक म्हणायचे आणि बारीक अक्षरांत ते नाकारायचे, या कसरतीला शासनमान्यता मिळाली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने दोन्ही सवलती मागे घेतल्या आणि सूत्रात न बसणाऱ्या कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. त्यानंतरही शिल्लक माल विकू द्यावा म्हणून कंपन्या न्यायालयात गेल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने एका औषध कंपनीची मागणी फेटाळली.

शिल्लक माल विकू द्यावा, या मागणीतच सगळी नीती आली. माल हानिकारक ठरला, पण गोदामात पडून राहिला तर तोटा. तेव्हा तो आजारी मुलांच्या पोटात रिकामा करण्याची परवानगी द्या.

निरोगी मुलांचीही सुटका नाही. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने दाखवून दिले की नेस्ले कंपनीच्या सेरेलॅक या शिशुआहारात भारतात प्रत्येक वाढणीमागे सरासरी २.७ ग्रॅम साखर मिसळलेली होती, तर जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याच प्रकारच्या आहारात मिसळलेली साखर नव्हती. कंपनीने उत्तर दिले की आपण नियमांचे पालन करतो आणि साखर कमी करत आलो आहोत. वर्ष संपायच्या आत तिने साखर न घातलेले प्रकार भारतातही आणले. करता येत होते, हे यावरून सिद्ध झाले. आधी का केले नाही, याचे उत्तर जिभेत आहे. सहा महिन्यांच्या मुलाला गोडाची चटक लागली की पुढली साठ वर्षे ते गिऱ्हाईक असते.

याच्या शेजारी एक जुने काम ठेवावेसे वाटते. तारनाक्यावर राहणाऱ्यांना राष्ट्रीय पोषण संस्थेची ओळख करून देण्याची गरज नाही. १९१८ मध्ये कुन्नूरला एका लहान खोलीत सुरू झालेले हे संशोधन १९५८ मध्ये हैदराबादला आले आणि १९६९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. या संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण तयार केले, ते ‘हैदराबाद मिक्स’ म्हणून ओळखले जाते. भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ. कोणत्याही गरीब घरात कुटून ठेवता येईल अशी वस्तू. त्याला जाहिरात नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र नाही. गूळ त्यातही आहे, हे मी लपवत नाही. पण तो उपाशी मुलाला शक्ती मिळावी म्हणून मोजून घातलेला आहे, चटक लागावी म्हणून नव्हे. हेतू बदलला की त्याच गोडाचा गुण बदलतो.

या संस्थेच्या कुन्नूरच्या दिवसांशी एका मराठी विदुषीचे नाव जोडलेले आहे. कमला सोहोनी, दुर्गा भागवतांच्या भगिनी, केंब्रिजमधून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून आल्या आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. पुढे मुंबईत त्यांनी नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ अशा सामान्य माणसाच्या अन्नावर काम केले. निवृत्तीच्या वयात त्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कामात उतरल्या, तिच्या अध्यक्ष झाल्या आणि ग्राहकांसाठी लेख लिहीत राहिल्या. ज्ञानाचा उपयोग कोणाच्या बाजूने करायचा, हे त्यांनी ठरवलेले होते. आज अन्नशास्त्रातील तितकीच तल्लख बुद्धी एखाद्या चिप्सच्या तुकड्यात मीठ, साखर आणि तेल कोणत्या प्रमाणात घातले म्हणजे माणसाचा हात थांबणार नाही, याचा शोध घेण्यात खर्च होते.

परिणाम समोर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरची आणखी १३ कोटींहून अधिक माणसे असल्याचा अंदाज निघाला. मे २०२४ मध्ये आपल्या तारनाक्याच्या संस्थेने नवी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत देशातील एकूण आजारांचा ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचे म्हटले आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या गप्पा ऐकाव्यात. पूर्वी तिथे नाटके आणि निवडणुका असत. आता उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर असते. पेन्शनचा एक ठरलेला हिस्सा औषधांच्या दुकानात जातो. अन्न विकणाऱ्याने जे बिघडवले ते दुरुस्त करण्याचे बिल दुसरा विकणारा देतो, आणि दोन्ही बिले राष्ट्रीय उत्पन्नात वाढ म्हणूनच मोजली जातात.

आरोग्याबरोबर सुखाचा प्रश्न येतो. कोयता धरणाऱ्या बाईला कॅन्सरचे भय दाखवले, तेव्हा तिने गर्भाशय दिले. मूल मागे पडेल असे भय दाखवले, तेव्हा आईने डबा घेतला. निवृत्त माणसाला तपासण्यांच्या यादीचे भय दाखवले जाते, तेव्हा तो पॅकेज घेतो. समाधानी माणूस हा बाजाराच्या दृष्टीने वाईट गिऱ्हाईक आहे. त्याला काही कमी आहे, असे त्याला रोज पटवून द्यावे लागते. म्हणून नफ्यावर चालणारा समाज श्रीमंत झाला तरी निश्चिंत होत नाही. त्याची निश्चिंती हाच विक्रीला अडथळा असतो.

विरोधी पक्षाचे दोन मुद्दे उरतात, त्यांना उत्तर देणे उचित होईल. पहिला असा की ग्राहक स्वतंत्र आहे, त्याने लेबल वाचावे आणि ठरवावे. पण ज्या लेबलावर मोठ्या अक्षरांत खोटे आणि बारीक अक्षरांत खरे छापण्याची मुभा होती, ते वाचून स्वातंत्र्य कसे बजावायचे? चिलीने २०१६ पासून जास्त साखरेच्या पदार्थांवर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो ताऱ्यांच्या मानांकनाचा. हॉटेलला देतात तसे तारे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी मुदत घालून द्यावी लागली. ग्राहकाला खरे कळले तर तो खरेच स्वतंत्र होईल, ही धास्ती कोणाला आहे हे या विलंबावरून ओळखावे.

दुसरा मुद्दा असा की निर्बंध आले तर उद्योग जातील आणि गरिबाचा रोजगार बुडेल. बीडने याला उत्तर दिले आहे. प्रकरण उघडकीस आल्यावर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. त्यामुळे एकही साखर कारखाना बंद पडला नाही. वाईट प्रथा थांबवल्याने उद्योग मरतो, हे भाकीत बालमजुरीच्या वेळीही केले गेले होते.

मागण्या म्हणून पाहिल्या तर त्या फार नाहीत. ऊसतोड करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव स्वतंत्रपणे कारखान्याच्या नोंदवहीत यावे आणि बाईची मजुरी तिच्या हाती पडावी. खाडा बेकायदा ठरावा. तळावर पाणी, संडास आणि दवाखाना पुरवण्याची जबाबदारी ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्याचीच असावी. गर्भाशयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण, बाईचे वय आणि रुग्णालय यांची नोंद दोन्ही तेलुगू राज्यांत तपासली जावी. साखरेचा इशारा पाकिटाच्या दर्शनी बाजूला, अडाण्यालाही कळेल अशा चिन्हात यावा.

आणि आपण? केशवराव कोरटकरांच्या पिढीने या शहरात विवेक वर्धिनीसारखी संस्था १९०७ मध्ये काढली, ती वर्गणी गोळा करून. तिच्यातून नफा मिळेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आपल्या ग्रंथालयांच्या, मंडळांच्या, गणेशोत्सवांच्या पायाशी तीच वृत्ती आहे. तेव्हा नफ्याशिवाय काही चालत नाही हे वाक्य निदान आपल्या तोंडी शोभत नाही. आपल्या संस्थांच्या कार्यक्रमांत पाहुण्यांपुढे बाटलीतील पेयांऐवजी ताक किंवा लिंबाचे सरबत यावे, हे लहानसे पाऊल आपल्या हातात आहे. आपल्या शाळांतील प्रत्येक मुलीला ओआरएसचे खरे प्रमाण पाठ असावे, हेही. आणि मराठवाड्यातील आपल्या नातलगांपैकी ज्यांचे कारखान्यांत वजन आहे, शेअर आहेत, ओळखी आहेत, त्यांना पुढल्या दिवाळीला घरी गेल्यावर एक प्रश्न विचारावा: तुमच्या कारखान्यावर तोडणाऱ्या बायकांची नावे कोणत्या वहीत आहेत?

उत्तर बहुधा येणार नाही. तरी प्रश्न दरवर्षी विचारावा. लेखापरीक्षणातला आक्षेप उत्तर मिळेपर्यंत वहीवर उभा राहतो, आणि तो उभा आहे तोवर ताळेबंद जुळला असे कोणाला म्हणता येत नाही.